शाळेच्या फाटकापासून ५० मीटर

शाळांमध्ये सध्या मुलांच्या खाण्याबद्दल जे चाललं आहे, म्हणजे जंक फूडवरची बंदी आणि भिंतीवरचे साखर-तेलाचे फलक, त्याचा उगम शोधायला फार मागे जावं लागत नाही. १९५४चा भेसळ प्रतिबंधक कायदा उत्पादक आणि विक्रेत्यांकडे बघणारा होता. मुलांचा वेगळा विचार सुरू झाला तो बराच उशिरा. १९९५मध्ये पोषण आहाराची देशव्यापी योजना आली, २००१च्या न्यायालयीन आदेशाने कोरड्या धान्याऐवजी शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं आणि शाळेत चूल पेटली.

जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घ्यायची, या नियमावर त्यानंतर सगळीकडे भर आला. आपल्याकडे चव रजिस्टर नेमाने भरलं जातं. पण जंतू वाढलेल्या अन्नाला वेगळी चव किंवा वास येईलच असं नाही, ही गोष्ट त्या रजिस्टरात कुठेच बसत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मात्र जंक फूडवर. शाळांमध्ये आणि आसपास असे पदार्थ विकू नयेत, अशी जनहित याचिका २०१०मध्ये दिल्लीत दाखल झाली. २०१५मध्ये न्यायालयाने नियम करायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१७मध्ये शाळांच्या कॅन्टीनपुरती बंदी घातली. देशपातळीवरची नियमावली सप्टेंबर २०२०मध्ये निघाली आणि जुलै २०२१पासून लागू झाली. तेव्हा करोनामुळे बहुतेक शाळांची फाटकं बंदच होती, त्यामुळे सुरुवातीचा जो जोर लागायला हवा होता तो लागलाच नाही.

नियम असा, की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. ५० मीटरच का? २००३च्या कायद्याने तंबाखूसाठी शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर ठरवले होते. खाण्यासाठी हद्द जवळपास निम्मी झाली. दाट वस्तीत याहून मोठं वर्तुळ आखलं तर अर्धी बाजारपेठ त्यात येते, हे खरं. ज्याचं दुकान शाळेच्याही आधीपासून आहे त्याने काय करायचं, हा प्रश्नही रास्त आहे. पण ५० मीटर म्हणजे मधल्या सुट्टीत धावणाऱ्या मुलाला अर्धा मिनिटही लागत नाही. शिवाय बंदी फाटकापासून मोजायची, तर मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या टपरीचं काय?

माझ्या मते खरी अडचण अंतराची नाही. ही बंदी बघते ती चरबी, साखर आणि मीठ. वेफर्सचं पाकीट तिच्यात अडकतं. उघड्यावर तासन्‌तास कापून ठेवलेली पपई अडकत नाही. त्याच नियमावलीत कॅन्टीनसाठी नोंदणी आणि स्वच्छतेच्या अटी आहेत, पण त्यांच्यावर फारसं कुणी बोललं नाही. मे २०२५मध्ये एका केंद्रीय शिक्षण मंडळाने शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारे फलक, लावायला सांगितलं, त्यानंतर तेलाचे बोर्ड आले. दोन्ही चांगलेच आहेत. मात्र मुलांच्या डोक्यात ‘वाईट खाणं’ म्हणजे फक्त पाकिटातलं खाणं, हे समीकरण पक्कं होत चाललं आहे.

घरचा डबा त्यामुळे आपोआप सुरक्षित ठरतो. सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं २००१पासून जगभर सांगितली जातात: स्वच्छता, कच्चं आणि शिजवलेलं वेगळं ठेवणं, नीट शिजवणं, योग्य तापमान, सुरक्षित पाणी व जिन्नस. त्यातलं चौथं सूत्र डब्याला थेट लागू पडतं. शिजवलेलं अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. सकाळच्या शाळेचा डबा साडेसहाला भरला जातो आणि दहाच्या सुमाराला उघडतो. पोळीभाजीतली कोरडी पोळी तग धरते, भाताचं तसं नाही. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकून डब्यात दिला, तर फोडणीने तो सुरक्षित होत नाही. पाचवीतल्या मुलालाही कळेल इतकी ही साधी गोष्ट आहे, आणि शुगर बोर्डाच्या शेजारी तिच्यासाठी सहज जागा होईल.