चांगल्या कारखान्याची दारू: महाराष्ट्रातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

कामगार, पाणी आणि परिसर यांच्याशी बरे वागणाऱ्या कारखान्याचेच मद्य घ्यावे, हा विचार महाराष्ट्रात उशिरा आला. त्याआधीची सगळी नैतिक चर्चा प्यावे की पिऊ नये, या एकाच मुद्द्याभोवती फिरत होती. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला आणि ती तरतूद आजही कागदावर आहे. दारू कशी बनते, कोण बनवतो आणि त्यात काय खर्ची पडते, हे प्रश्न मात्र महसुलाच्या दप्तरात बंद राहिले.

याचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला आणि त्यामागून १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठीचा कायदा झाला, ज्यामुळे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगणे हाच गुन्हा ठरू शकत होता. गावोगावच्या भट्ट्या गेल्या आणि गुत्तेदाराची दारू आली. इतर देशांत चोखंदळ ग्राहक ज्या छोट्या, स्थानिक उत्पादकाच्या शोधात असतो, तो आपल्याकडे त्या काळापासून बेकायदा हातभट्टीवाला ठरलेला आहे; त्यामुळे निवड करायची ती मोठ्या कारखान्यांतूनच.

स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखानदारी वाढली आणि तिच्या मळीवर आसवन्या, म्हणजे मद्यार्क गाळणारे कारखाने, उभ्या राहिल्या. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकले जाणारे बरेचसे पेय या मळीच्या मद्यार्कावर उभे आहे. लिटरभर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे गडद सांडपाणी, निघते, आणि आसवनीलगतच्या विहिरींचे पाणी तांबूस झाल्याच्या तक्रारी ऊसपट्ट्याला नव्या नाहीत. तरीही हा विषय ग्राहकापर्यंत पोहोचला तो मळीमुळे नव्हे, तर बिअरमुळे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. जायकवाडीचा जिवंत साठा संपला होता, आणि त्याच धरणाचे पाणी औरंगाबादजवळच्या औद्योगिक वसाहतींतील बिअर कारखान्यांना सुरू होते. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी पन्नास आणि मग साठ टक्के कपात जूनअखेरपर्यंत लागू केली. इतर उद्योगांवरची कपात याहून बरीच कमी होती. या निकालाचे समर्थन करणाऱ्यांकडे सरळ युक्तिवाद होता: पिण्याचे पाणी सर्वांत आधी, आणि टँकरपुढे रांगा लागलेल्या असताना बिअर ही गरज नव्हे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीने शेतीच्याही आधी उद्योगाला स्थान दिले होते आणि ते २०११ मध्ये बदलावे लागले होते, ही आठवणही ताजी होती.

विरोधकांचा मुद्दा तेव्हा कारखानदारांची कैफियत म्हणून बाजूला सारला गेला, पण तो अधिक नीट ऐकायला हवा होता. चांगली यंत्रणा असलेल्या ब्रुअरीत लिटरभर बिअरला साडेतीन-चार लिटर पाणी लागते. ते नळाने येते, मोजले जाते, आणि म्हणूनच त्यात कपातही करता येते. मळीच्या दारूचे पाणी मात्र उसाच्या फडातच मुरलेले असते. टनभर उसातून चाळीस-पंचेचाळीस किलो मळी आणि तिच्यातून जेमतेम दहा-अकरा लिटर मद्यार्क मिळतो. अर्थात ऊस साखरेसाठी लावला जातो, तेव्हा त्याचे सगळे पाणी दारूच्या नावावर लिहिणे अन्यायाचे होईल. परंतु लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेले हे पीक सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेते, असे वारंवार सांगितले जात असताना त्या उन्हाळ्याचा सगळा रोष मोजक्या बिअर कारखान्यांवर निघाला, यात सोयीचा भाग मोठा होता. जबाबदार ब्रँड म्हणजे पाणी वाचवणारी ब्रुअरी हे समीकरण तेव्हा ग्राहकांच्या मनात पक्के झाले, आणि कंपन्यांनीही लिटरला किती पाणी लागते याचे आकडे आपल्या अहवालांत ठळकपणे छापले.

श्रमाचा प्रश्न यानंतर पुढे आला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला. शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. उचल घेऊन जोडप्याने कोयता धरायचा आणि खाडा झाला की दंड भरायचा, ही रीत तेव्हा शहरी वाचकांना कळली. या चर्चेत साखरेचे नाव आले, मद्याचे क्वचितच. त्याच वर्षी मद्याच्या लेबलासंबंधीचे केंद्रीय नियम अमलात आले. त्यांत मद्यार्काचे प्रमाण आणि वैधानिक इशारा बंधनकारक झाला. मद्यार्क कोणत्या कारखान्याच्या मळीचा, हे सांगण्याचे बंधन आले नाही.

मळीऐवजी धान्य हा पर्याय २००७ पासून सरकारी धोरणात आहे. काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, असे सांगून तेव्हा लिटरमागे दहा रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले गेले, आणि खाण्याच्या धान्याची दारू करता का, असा सवाल करत त्यावर जोरदार टीका झाली. वाइनला २००१ च्या धोरणापासून शेतकऱ्याचे पेय म्हणून वेगळी वागणूक मिळत होती, पण जानेवारी २०२२ मध्ये ती सुपरमार्केटात ठेवण्याचा निर्णय झाल्यावर विरोध इतका झाला की अंमलबजावणी थांबली.

जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरील शुल्क वाढवताना ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग केला आणि १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये ठरवली. देशी दारूसाठी ती ८० आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये आहे. उत्पादक राज्यातला हवा आणि कच्चा माल धान्य हवा, यावर या वर्गाचा भर आहे. बंद पडलेल्या आसवन्यांना काम मिळेल, असे त्याचे समर्थन झाले, आणि लाभ नेमका कोणाला होणार यावर वाद झाला. पाण्याचा, सांडपाण्याचा किंवा मजुरीचा निकष त्या चर्चेत दोन्ही बाजूंकडून फारसा आला नाही.