बडोद्यातील मराठी कलास्मृती

बडोद्यातील मराठी कलास्मृती : दख्खनमधून गुजरातेत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची वास्तू, भित्तिचित्रे आणि संग्रह यांतून टिकलेली आठवण. या स्थलांतराचे मूळ लष्करी आहे. १७३४ मध्ये दमाजी गायकवाडांनी बडोदे घेतले. शिलेदारांच्या मागे कारकून, भिक्षुक, सावकार आले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिले.

या स्मृतीचा सर्वांत बोलका पुरावा रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. १८४९ ते १८५४ या काळात संस्थानचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचे हे लाकडी बांधणीचे घर. आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रे आहेत. कृष्णलीला आणि महाभारत यांच्या जोडीला इंग्रज-मराठे लढाईही रंगवली आहे. पुराण आणि नुकताच हरलेला इतिहास एकाच छपराखाली! घरच्यांसाठी काढलेली ही चित्रे आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात, म्हणजे सर्वांची आहेत.

सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेले. १८८७ मध्ये त्यांनी स्थापलेल्या संग्रहालयात मात्र ओढ बाहेरच्या जगाची दिसते : इजिप्तची ममी, निळ्या देवमाशाचा सांगाडा, युरोपीय चित्रे. चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये झाली, पण पहिल्या महायुद्धाने चित्रे अडकली आणि दालन १९२१ मध्ये उघडले. वाड्यातला देव्हारा किंवा माजघर अशा संग्रहाला दखलपात्र वाटले नसावे.

गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरात ‘गंगावतरण’, मीराबाई आणि महाभारत रंगवले ते बंगालच्या नंदलाल बोस यांनी. मराठी घराण्याची आठवण, गुजराती शहर, बंगाली कुंचला. बडोदेकरांना यात वावगे काही वाटत नाही.

१९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला. तेथे चित्रकला शिकवायला आलेले ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे, म्हणजे दुसऱ्या मराठी संस्थानातले. पुढे चित्रकार भूपेन खख्खर मुंबईहून आले. सुरेंद्रनगरच्या गुलाममोहम्मद शेख यांनी १९६९ ते १९७३ या काळात दीर्घ गैरहजेरीनंतर घरी परतण्यावर चित्र काढले. त्यात पुढे आई आहे, मागे मशीद, आणि आकाशात फारसी लघुचित्रांतून उतरलेले देवदूत.