कोरी डिस्क, एक वायर आणि डेबियन

परभणीकडच्या एका शाळेच्या लॅबमध्ये बारा जुने पीसी धूळ खात पडले होते, डीव्हीडी ड्राइव्ह सगळ्यांचे गेलेले, हार्डडिस्क कोऱ्या. एकच पेनड्राइव्ह घेऊन बारा ठिकाणी बसण्यापेक्षा लॅनवरूनच, म्हणजे पीसी जोडणाऱ्या वायरींवरूनच, डेबियन ही लिनक्स सिस्टिम टाकू म्हटलं, आणि त्यात जे घडतं ते खरंच समजून घेण्यासारखंय.

डिस्क कोरी असली तरी लॅन कार्डासाठी एक छोटा प्रोग्राम मशीनमध्ये कायमचा बसवलेला असतो, पीएक्सई नावाचा. इंटेलनं 1999 मध्ये त्याचं 2.1 व्हर्जन काढलं. नेटवर्क बूट, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून मशीन सुरू करणं, निवडलं की तो जागा होतो. त्याला ना स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) माहीत ना सर्व्हरचा, माहीत फक्त कार्डाचा मॅक अॅड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, म्हणून तो अख्ख्या नेटवर्कला हाळी देतो, कुणी आहे का, मला पत्ता द्या. नेटवर्कवर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर ओ देतो: हा तुझा आयपी, आणि बूटची फाईल अमुक मशीनवर, अमुक नावाची.

आमचं इथंच अडलं. स्क्रीनवर 'नो बूट फाइलनेम रिसीव्हड'. शाळेचा राउटरच डीएचसीपी चालवत होता, पीसी त्याचंच उत्तर धरून बसायचा आणि राउटरला बिचाऱ्याला फाईलचं काही माहीत नाही. राउटरचं डीएचसीपी बंद केलं, माझ्या लॅपटॉपवर डीएनएसमास्क, म्हणजे पत्ता आणि बूटची फाईल दोन्ही देणारा प्रोग्राम, चालू केलं, झालं.

पुढं टीएफटीपी, म्हणजे ती फाईल आणायची साधी पद्धत. मूळ नियमानं 512 बाइटचा एक तुकडा जातो, 'पोचला' असा निरोप आला की दुसरा, बांधकामावर विटा हातोहात देतात ना तसं. 40 एमबीची फाईल म्हणजे 80 हजाराच्या आसपास तुकडे! लॅनमध्ये हे भागतं, लांबच्या सर्व्हरवरून मात्र रखडतं, कारण वेळ जातो तो निरोपाच्या येण्याजाण्यात. म्हणून टीएफटीपीनं फक्त कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाईलींचा गठ्ठा) आणायचं, ते रॅममध्ये चालू झालं की बाकीची पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, एचटीटीपीनं, वेबपानं येतात तशी.

गावातल्या नेटवर बारा वेळा तेच डाउनलोड कोण करणार? लॅपटॉपवर अॅप्ट-कॅशर-एनजी टाकलं, पहिल्या पीसीनं मागवलेली पॅकेजेस तिथंच साठली, उरलेल्या अकरांना तिथूनच मिळाली. पहिला पीसी हातानं केला, ग्राफिकल इन्स्टॉलरच्या यादीत मराठी दिसल्यावर सातवीतल्या पोरींनीच ती निवडली. बाकीच्यांची उत्तरं प्रीसीड फाईलमध्ये लिहून ठेवली, म्हणजे प्रश्नच नाहीत.

शेवटचे दोन राहिले आणि लाईट गेली. पॅकेजेस लॅपटॉपवर होतीच. तासाभरानं लाईट आली, नेटवर्क बूटसाठी एफ12 दाबलं, दोघांनी परत हाळी दिली.