पडलेला चेंडू उचलताना

एक पेन्सिल घ्या आणि बोटाच्या टोकावर उभी करून पाहा. जमणार नाही. आता चार फुटांची वेळूची काठी तळहातावर उभी करा. नजर काठीच्या वरच्या टोकावर ठेवा. दहा-पंधरा वेळा पडेल, मग दोन-चार सेकंद उभी राहील.

यात हातापेक्षा काठीच्या लांबीचं कौतुक जास्त आहे. १५ सेंटिमीटरची पेन्सिल कलू लागली की तिचं कलणं दर एक दशांश सेकंदात अडीच-पावणेतीन पट होत जातं. डोळ्यांनी पाहून हात हलवायला मात्र माणसाला सुमारे दोन दशांश सेकंद लागतात. म्हणजे आपण सावरायला निघेपर्यंत पेन्सिल पडलेली असते. चार फुटांची काठी तेवढीच कलायला जवळजवळ तिप्पट वेळ घेते, आणि त्या जास्तीच्या वेळात सावरता येतं. काठी लांब असेल तर ती सावकाश पडते.

सोलापूरकरांनी हे सूत्र न शिकताच पाहिलेलं आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला एक जण ती उंचच उंच, जड काठी अंगावर पेलतो आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’च्या गजरात चालू लागतो. काठी लांब असल्याने सावकाश कलते, हे खरं. पण इतकी जड काठी एकदा जास्त कलली तर एकट्या माणसाला आवरत नाही. म्हणून पेलणाऱ्याभोवती माणसांचं कडं असतं. थोडं अंतर गेलं की दुसरा पुढे होतो, पहिला बाजूला होतो. आणि यात्रेआधी कितीतरी दिवस सराव चाललेला असतो.

मला इथे मुलांच्या मनाबद्दल लिहायचं आहे, आणि सुरुवात काठीपासून झाली ती आपल्या भाषेमुळे. माणूस रागावला की त्याचा तोल जातो. दुःखातून बाहेर आला की तो सावरतो. शरीरासाठी आणि मनासाठी आपण एकच शब्द वापरतो. हा निव्वळ योगायोग नसावा असं मला वाटतं, आणि सर्कशीची कौशल्यं शिकवून किशोरवयीन मुलांच्या मनाला बळ देणारे लोक नेमकं हेच धरून काम करतात.

या कामाला ‘सामाजिक सर्कस’ म्हणतात. तंबू, तिकीट, प्राणी यांचा इथे काही संबंध नाही. चेंडू झेलणं, काठीवर ताटली फिरवणं, दोरीवर चालणं, एकमेकांच्या खांद्यावर उभं राहणं अशा गोष्टी वस्तीतल्या मुलांना गटाने शिकवतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला १९९२ पासून अशी शाळा आहे. कंबोडियात बट्टामबांग इथे निर्वासितांच्या छावणीतून परतलेल्या तरुणांनी १९९४ मध्ये आधी चित्रकलेची शाळा काढली, पुढे त्यातूनच सर्कशीची शाळा झाली. कॅनडाच्या ‘सर्क दु सोलेल’ या मोठ्या सर्कस कंपनीने १९९५ मध्ये अडचणीतल्या मुलांसाठी वेगळा उपक्रम सुरू केला. काबूलमध्ये २००२ पासून मुलांची फिरती सर्कस उभी राहिली. जिथे मुलांनी फार सोसलेलं आहे, अशाच ठिकाणी ही शाळा पुन्हापुन्हा का उगवते?

माझी भाची नववीत आहे. गेल्या वर्षी शाळेत काहीतरी बिनसलं आणि ती घरात गप्प गप्प राहू लागली. अभ्यासाची वही उघडायची, पहिलं गणित चुकलं की मिटून ठेवायची. मी तिला समजावलं नाही. आम्ही दोघांनी सोलापुरी टॉवेलच्या तुकड्यांचे तीन गोळे शिवले, त्यांत मालदांडी ज्वारी भरली आणि गच्चीवर गेलो. ज्वारीचा गोळा पडला की जागच्या जागी बसतो, उसळून पळत नाही. शिकणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण पहिले काही दिवस गोळे झेलण्यापेक्षा उचलण्यातच जातात.

तीन चेंडू झेलताना हातापासून ६० सेंटिमीटर उंच उडवलेला चेंडू जेमतेम ०.७ सेकंद हवेत असतो. तेवढ्यात दुसरा सुटायला हवा, तिसऱ्यासाठी हात रिकामा हवा. हातांकडे बघत बसलं तर जमतच नाही. नजर चेंडूच्या मार्गाच्या माथ्यावर ठेवायची, तो तिथून कसा वळतो यावरून मेंदू तो कुठे उतरणार ते ठरवतो आणि हात आपोआप तिथे जातो. अंदाज चुकला की चेंडू पडतो, आणि किती चुकला ही बातमी लहान मेंदूकडे, म्हणजे अनुमस्तिष्काकडे जाते. पुढचा अंदाज त्या बातमीवरून दुरुस्त होतो. पडणं ही इथे शिकण्याची कच्ची सामग्री आहे. सोलापुरात ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथल्या मुलांनी हे रोज पाहिलेलं असतं : आई बोलत असते, भाताकडे लक्ष ठेवत असते, आणि बोटं न बघता पानात तंबाखू भरून विडी वळत असतात. त्या बोटांनीही सुरुवातीला पानं फाडलेली असतात.

मेंदूवर याचा ठसा उमटतो का? २००४ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटा, पण पुढे फार गाजलेला अभ्यास छापला. ज्यांना चेंडू झेलणं येत नव्हतं अशा तरुणांनी तीन महिने तीन चेंडूंचा सराव केला. आधी आणि नंतर काढलेल्या एमआरआयची तुलना केली, तेव्हा हलत्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागांतलं करडं द्रव्य, म्हणजे जिथे मेंदूच्या पेशी दाटलेल्या असतात तो भाग, वाढलेलं दिसलं. सराव थांबवल्यावर तीन महिन्यांनी ती वाढ बरीचशी ओसरली. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने सहा आठवड्यांच्या सरावानंतर मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, बदल नोंदवला. त्यांच्याकडचा एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो : किती छान जमतं यावर तो बदल अवलंबून नव्हता. ज्यांचे चेंडू शेवटपर्यंत पडत राहिले त्यांच्या मेंदूतही तो दिसला.

अर्थात करडं द्रव्य वाढलं म्हणजे उदासी गेली असं होत नाही. मनाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकाराला तोंड द्यावं लागतं. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळलं. या वयात भीती आणि राग पेटवणारे मेंदूचे भाग जोरात असतात, आणि त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो. याच वयात चुकण्याची सर्वांत जास्त लाज वाटते, आणि याच वयात आपण मुलांना टक्केवारीने मोजतो.

परीक्षेतली चूक वर्षातून एक-दोनदा भेटते, कागदावर कायमची उमटते आणि घरभर पसरते. चेंडूची चूक एका संध्याकाळी शंभर वेळा भेटते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भेटते आणि वाकून उचलली की संपते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ या विश्वासाचे चार उगम सांगितले : स्वतः करून जमणं, आपल्यासारख्याला जमलेलं पाहणं, दुसऱ्याने धीर देणं आणि स्वतःच्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला सर्वांत बळकट. सापांना घाबरणाऱ्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले होते. सोबतीला माणूस घेऊन पायरीपायरीने प्रत्यक्ष सापाला हात लावणाऱ्यांची भीती, नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली.

चौथा उगम सर्कशीत फार ठळक दिसतो. दोरीवर पाऊल ठेवताना छाती धडधडते, तळवे ओले होतात. परीक्षेआधी, भांडणानंतर, रात्री झोप लागत नाही तेव्हाही तसंच होतं. दोन फुटांवर बांधलेल्या दोरीवर मूल शिकतं की छाती धडधडत असतानाही पाय टाकता येतो, आणि थोड्या वेळाने धडधड आपोआप उतरते. भीतीच्या झटक्यांवरच्या उपचारात तज्ज्ञ हेच मुद्दाम करवून घेतात : शरीराच्या त्या खुणा सुरक्षित जागी पुन्हा अनुभवायला लावतात, म्हणजे त्यांचा धाक कमी होतो.

आणि मग माणसांचं कडं. हवाई बेटांपैकी काउआईवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अनेक धोक्यांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सावरली, कर्ती माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस. ते आईवडीलच असायला हवं असं नव्हतं. आजी, शिक्षक, शेजारीही चालले.

एकमेकांच्या अंगाखांद्यावर उभं राहून केलेल्या माणसांच्या मनोऱ्यात हा भरवसा अंगाला लागतो. वरच्याने खालच्याच्या पाठीच्या मधोमध पाय द्यायचा नाही, कमरेच्या हाडावर द्यायचा. खालच्याने ‘थांब’ म्हटलं की वरच्याने थांबायचं. बाजूला धरणारा उभा असतो, त्याचं लक्ष फक्त एकाकडे असतं. वर्गात ज्याला ‘जाड्या’ म्हणून चिडवतात तो इथे पाया असतो, आणि त्याच्याशिवाय मनोरा उभाच राहत नाही. शरीराबद्दल लाज वाटण्याच्या वयात आपल्या शरीराचा कुणाला तरी उपयोग आहे हे कळणं, यापेक्षा मोठं औषध मला तरी माहीत नाही. सोलापूरसाठी आणखी एक सोय : इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू बोलणारी घरं असतात. चेंडू झेलायला भाषा लागत नाही. डोळ्यांनी शिकता येतं.

पुरावा मात्र नीट तोलून घ्यायला हवा. सामाजिक सर्कशीवरचे पुष्कळ अभ्यास लहान आहेत. तुलनेसाठी दुसरा गट नसतो, आणि ज्या मुलांना आवडत नाही ती मधेच सोडून जातात, त्यामुळे उरलेल्यांचे निष्कर्ष गोड दिसतात. कॅनडातल्या शाळांमध्ये तुलनेचा गट घेऊन झालेल्या एका अभ्यासात सर्कस शिकणाऱ्या मुलांची शारीरिक कौशल्यं सरस आढळली. पण नैराश्य, स्वतःला इजा करणं, जेवण टाकणं, जीव नकोसा होणं यांवर चेंडू हा इलाज नाही. तिथे डॉक्टरच हवा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे, ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं बाहेरून आणायची गरज नाही, असंही मला ठामपणे वाटतं. भारतातली पहिली आधुनिक सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्रे या सांगलीकडच्या माणसाने. २० मार्च १८८० रोजी मुंबईत तिचा पहिला खेळ झाला. मल्लखांब तर आपलाच. सलामी, अढी, दसरंग हे शब्द तालमीतल्या मुलांच्या तोंडी असतात. आणि दोरीवर चालणं आपण सर्वांनी पहिल्यांदा कुणाकडे पाहिलं? डोंबाऱ्याच्या खेळात. ढोलकीच्या तालावर काठी आडवी धरून जाणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी, खाली पसरलेलं फडकं, आणि आपण टाकलेलं नाणं. तिचं कौशल्य अव्वल होतं, पण तिच्याकडे शाळा नव्हती, खाली गादी नव्हती आणि नको म्हणायची मुभा नव्हती. आपण त्या कलेला भीक म्हटलं. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या भटक्या जमातींना जिथे डांबून ठेवलं, त्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव ज्या शहराच्या पत्त्यांत अजून आहे, त्या सोलापुराने तरी हे विसरू नये. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सरकारला सांगितलं, ते योग्यच झालं. मुलांनी शिकावं, कुणी त्यांच्यावर कमवू नये. आणि शिकवायला त्या समाजांतली जाणती माणसं बोलवावीत, मानधन देऊन, ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणून.

लागतं तरी किती? शाळेचं मैदान किंवा वस्तीतलं समाजमंदिर. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, कारण त्यानंतर इथली फरशी पाय ठेवू देत नाही. जाड गाद्या, दोन झाडांमध्ये कमी उंचीवर ताणलेला पट्टा, ज्वारीचे गोळे. एकात १०० ते १२० ग्रॅम पुरे. मल्लखांब शिकवणारा एक जण आणि मुलांचं ऐकून घेणारं एक मोठं माणूस. मुलींसाठी घराजवळची जागा आणि घरच्यांना पटेल अशी वेळ, नाहीतर त्या आठवड्याभरात दिसेनाशा होतात. कोलांटी, मनोरा असलं काही जाणकारासमोरच करायचं. वर्षाअखेर खेळ करावासा वाटला तर करावा, पण बक्षीस ठेवू नये.

भाचीने एक वही केली आहे. मला वाटलं होतं ती सलग किती झेलले ते लिहीत असेल. ती रोज किती पडले तेवढंच लिहिते. सुरुवातीच्या पानांवर २१२, १८७, २४० असे आकडे आहेत. मधे पंधरा दिवस वही कोरी आहे. ते दिवस वाईट गेले होते. परवाच्या तारखेला ६३ लिहिलंय आणि शेजारी बारीक अक्षरात : ‘एक गोळा फाटला. ज्वारी चिमण्यांनी खाल्ली. उद्या शिवायचा.’