शहानिशा, ऑनलाइन माहितीची (मराठवाडा)

मोबाइलवर आलेली माहिती मुळात कोणी दिली, कधी दिली आणि नेमकी कशाबद्दल दिली, हे तपासून पाहणे म्हणजे शहानिशा. मराठवाड्यात पाऊसपाणी, शेतमालाचे भाव आणि सरकारी योजना यांबाबत तिची गरज सारखी पडते. निव्वळ बनावट मजकुरापेक्षा शिळा किंवा अर्धवट मजकूर अधिक फसवतो; त्यातले दृश्य किंवा आकडा खरा असतो.

पैठणचे जायकवाडी धरण हे याचे ठळक उदाहरण. नाथसागराचे, म्हणजे याच धरणाच्या जलाशयाचे, दरवाजे उघडल्याचा जुना व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरला, की गोदाकाठचे शेतकरी नदीतल्या मोटारी काढायला धावतात. विसर्गाच्या अधिकृत सूचनेत तारीख, वेळ, किती दरवाजे किती उचलले आणि पाणी किती क्युसेकने (सेकंदाला किती घनफूट) सोडले, हे दिलेले असते. नुसते ‘सगळे दरवाजे उघडले’ एवढेच असेल, तर थांबावे. साठ्याच्या आकड्यांचा घोळ वेगळाच. धरणाची क्षमता एक संदेश सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट) सांगतो, दुसरा 102. भांडणारे दोघेही बरोबर असतात. पहिला आकडा जिवंत, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याचा; दुसरा तळाशी राहणारा मृतसाठा धरून. बातमीतली टक्केवारी सहसा जिवंत साठ्याची असते.

सोयाबीनच्या भावाचेही तसेच. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. फिरतो तो बहुधा कमाल. आपल्या मालाचा अंदाज सर्वसाधारण दरावरून बांधावा.

योजनेचा ‘जीआर’ (शासन निर्णय) आला, तर शेवटच्या पानावरचा 18 अंकी संकेतांक पाहावा. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. अर्थात खरा जीआरही नंतरच्या जीआरने रद्द झालेला असू शकतो.

जून 2018 मध्ये चोरांच्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून पसरलेल्या असताना वैजापूर तालुक्यातील चांडगाव येथे जमावाच्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. त्यानंतरच्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले.

किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची धास्ती लातूर-धाराशिवकडे अजून आहे, म्हणून ‘आज रात्री इतक्या वाजता धक्का’ हा संदेश तिथे चालतो. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या कोणाकडेच नाही, त्यामुळे हा एक संदेश न तपासताही खोडता येतो. धक्का बसून गेल्यावरची वेळ, तीव्रता आणि खोली राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदीत पाहता येते.