डेटा सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, गोपनीयतेचं कधी?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पडतो. हाय रिस्क मातांची यादी. नाव, गाव, मोबाईल नंबर आणि शेवटच्या रकान्यात कारण. कुणाचं हिमोग्लोबिन 7 च्या खाली, कुणाचं आधीचं सिझर, कुणाची उंची 140 सेंटीमीटरपेक्षा कमी. आणि एका नावापुढे ‘एचआयव्ही रिॲक्टिव्ह’. ग्रुपमध्ये वैद्यकीय अधिकारी आहेत, एएनएम (उपकेंद्राच्या परिचारिका) आहेत, आशाताई आणि गटप्रवर्तक आहेत. बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेले पण ग्रुपमधून कुणी न काढलेले लोकही आहेत.

इथे कुणाचा फोन हॅक झालेला नाही. पासवर्ड फुटलेला नाही. व्हॉट्सॲपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे वाटेत कुणाला संदेश वाचता येऊ नये याची सोय, आपलं काम चोख करतंय. तरीही त्या बाईने आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या) बंद दाराआड ऐकलेली गोष्ट आता तिच्या गावातल्या, शेजारच्या गावातल्या डझनभर फोनमध्ये आहे.

असं काही उघडकीला आलं की संस्थेत ठरलेलं उत्तर निघतं: ‘डेटा सिक्युरिटीचं ट्रेनिंग लावा.’ आयटीचा माणूस येतो, पासवर्ड, ओटीपी, फसव्या लिंका यांवर तासभर बोलतो, हजेरीपत्रकावर सह्या होतात, फोटो निघतो. ते प्रशिक्षण हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वरचा प्रकार त्याने थांबला नसता, कारण त्या तासात शिकवलेला एकही नियम इथे मोडलेला नाही. मोडली ती गोपनीयता, आणि तिचं प्रशिक्षण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुरक्षेच्या प्रशिक्षणातच उरकलं असं धरून चालतात.

सुरक्षेचा प्रश्न असा असतो: ज्याचा संबंध नाही त्याला आपण अडवलं का? माहितीत कुणी गुपचूप फेरफार तर केला नाही? आणि लागेल त्या क्षणी ती माहिती हाताशी येते का? गोपनीयतेचा प्रश्न ज्याचा संबंध आहे त्याच्याबद्दल असतो. त्याने किती पाहावं, कशासाठी वापरावं, पुढे कुणाला सांगावं, आणि याला रुग्णाची संमती आहे का? वॉर्डातल्या नार्कोटिक्सच्या कपाटाकडे पाहिलं तर दोन्ही दिसतात. त्याला दुहेरी कुलूप असतं, आणि शेजारी रजिस्टरही असतं. कुलूप बाहेरच्याला थोपवतं. रजिस्टर मात्र किल्ली असलेल्या सिस्टरलाच विचारतं, की कुठल्या रुग्णासाठी, किती, कुणाच्या ऑर्डरने काढलं? मोबाईलमधल्या माहितीला आपण कुलूप लावायला शिकवतो, रजिस्टरचं नावच काढत नाही.

एक बाजू शाबूत असताना दुसरी कशी कोसळते, हे दोन्हीकडून पाहायला हवं.

समजा एक डॉक्टर अत्यंत तोंड मिटून वागणारे आहेत. रुग्णाबद्दल घरी अवाक्षर बोलत नाहीत. पण फोनला स्क्रीन लॉक नाही, कारण ओपीडीत सारखा उघडायचा कंटाळा येतो. तो फोन लोकलमध्ये राहिला की शेकडो रुग्णांचे रिपोर्ट अनोळखी हातात गेले. किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) व्हॉट्सॲपवर आली, घाईत ती इन्स्टॉल झाली, एसएमएस वाचायची परवानगी दिली गेली, आणि आता येणारा प्रत्येक ओटीपी दुसरीकडे जातोय. चॅटचा क्लाउडवरचा बॅकअपही लोक विसरतात. संदेश जाताना एन्क्रिप्टेड असतो, पण बॅकअप तसा हवा असेल तर ती सेटिंग वेगळी चालू करावी लागते.

सुरक्षेचा आवाका नुसत्या गुप्ततेपेक्षा मोठा आहे, हेही नीट सांगायला हवं. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला आणि ई-हॉस्पिटल यंत्रणा ठप्प झाली. नोंदणी, रिपोर्ट, बिलिंग सगळं कित्येक दिवस कागदावर चाललं. त्या रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाचं पहिलं नुकसान माहिती फुटण्याचं नव्हतं, माहिती मिळत नसल्याचं होतं. तसंच ग्लुकोमीटरचं ॲप चुकून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या नावाशी जोडलं गेलं तर कुणाचंही गुपित बाहेर जात नाही, पण इन्सुलिनचा डोस चुकतो. हा सुरक्षेचाच भाग आहे, आणि नर्सिंग स्टाफला तो पासवर्डपेक्षा लवकर पटतो. रुग्णाला इजा होऊ शकते म्हटलं की सिस्टर कान टवकारतात.

आता उलटी बाजू. सगळी कुलपं जागच्या जागी, आणि तरी रुग्णाची अब्रू गेली. इथे मला जास्त थांबायचंय, कारण आपल्या दवाखान्यांत रोज घडतं ते हेच.

रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या लॉगिनने शिरून गल्लीतल्या ओळखीच्या मुलीचा रिपोर्ट उघडून पाहणं. लॉगिन खरं, अधिकार खरा, संगणकाच्या लेखी काहीच गैर नाही. त्या मुलीच्या उपचाराशी मात्र पाहणाऱ्याचा काडीचा संबंध नाही.

जखमेचा फोटो सल्ल्यासाठी पाठवला. फोनच्या गॅलरीत तो उतरला. त्या फोल्डरचा गुगल फोटोजला बॅकअप चालू होता, आणि तेच खातं घरच्या टॅबवरही आहे. सुट्टीचे फोटो दाखवताना मधेच तो वर येतो. यात चोर कुणीच नाही.

आणि ‘नाव काढून टाकलंय ना, मग झालं’ हा समज. ईसीजीच्या पट्टीवर वरच्या कोपऱ्यात नाव, वय, वेळ छापलेली असते, ती कापायची राहते. पण ती कापली तरी प्रश्न मिटत नाही. हजारभर वस्तीच्या गावात ‘खालच्या आळीतली, 19 वर्षांची, पहिलटकरीण, नवरा ऊसतोडीला गेलेला’ एवढं लिहिलं की नाव लिहायची गरज काय? शहरातल्या रुग्णालयासाठी तयार केलेल्या स्लाइड्स तालुक्याच्या ठिकाणी जशाच्या तशा दाखवल्या जातात, तेव्हा नेमकं हेच निसटतं. मोठ्या शहरात नाव पुसलं की माणूस बऱ्यापैकी झाकला जातो. गावात नात्यागोत्यावरून, घरावरून, अगदी गायब असलेल्या नवऱ्यावरूनही तो उघडा पडतो. गोपनीयतेचं प्रशिक्षण गावागणिक बदलायला हवं ते यासाठी. पासवर्डचा नियम मात्र कुलाब्यात जो, तोच अक्कलकुव्यात.

कधी दोन्ही बाजू एकदम ढासळतात. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची सीसीटीव्ही दृश्यं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांमध्ये आपल्याकडच्या लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. कॅमेऱ्याच्या यंत्रणेत बाहेरचा माणूस शिरू शकला, ही सुरक्षेची चूक. पण बायकांची तपासणी होते त्या खोलीत कॅमेरा बसवला, ही चूक त्याच्या कितीतरी आधीची, आणि पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी ती दुरुस्त होणारी नव्हती. जी माहिती गोळाच करायला नको होती, तिला कुलूप लावण्यात हुशारी नाही. प्रशिक्षणात हा प्रसंग सांगायचा तर याच क्रमाने सांगावा.

कायद्याकडे पाहिलं तर हा फरक तिथे स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या 1996 च्या हिपा या आरोग्यविषयक माहितीच्या कायद्याखाली दोन स्वतंत्र नियम आहेत. प्रायव्हसी रूल 2003 पासून पाळावा लागला, सिक्युरिटी रूल 2005 पासून. पहिला तोंडी, कागदी, इलेक्ट्रॉनिक अशा सगळ्या माहितीला लागू, दुसरा फक्त इलेक्ट्रॉनिक माहितीला. आणि प्रशिक्षणाची सक्ती दोन्हींत वेगवेगळी लिहिलेली आहे. गोपनीयतेचं प्रशिक्षण ज्याच्या-त्याच्या कामाच्या गरजेनुसार, सुरक्षेचं मात्र व्यवस्थापनासकट सरसकट सगळ्यांना, अधूनमधून आठवण करून देत. पुण्या-मुंबईत अमेरिकी रुग्णालयांचं बिलिंग आणि मेडिकल कोडिंग करणाऱ्या मुलामुलींना हे पाठ असतं. त्यांच्याच आईवडिलांचे रिपोर्ट इथल्या लॅबमधून कसे फिरतात, ते मात्र त्यांना बघवत नाही.

आपल्याकडेही पाया आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एचआयव्ही-एड्स प्रतिबंधक कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि त्यात दोन्ही गोष्टी वेगळ्या कलमांत आहेत. कलम 8 म्हणतं, माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करू नका, काही मोजके अपवाद सोडून. कलम 11 म्हणतं, अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था करावी. सुरुवातीच्या यादीच्या फोटोत कलम 8 धाब्यावर बसलं. गर्भपात कायद्यात 2021 मध्ये आलेलं कलम 5-अ तर डॉक्टरलाच उद्देशून आहे: गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव-तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला सांगितले, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तिथे हॅकरचा प्रश्नच नाही. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याच्या, मार्गदर्शक सूचनाही हीच रेघ ओढतात. तंत्रज्ञानातल्या बिघाडामुळे किंवा दुसऱ्याच व्यक्तीमुळे माहिती फुटल्याचा वाजवी पुरावा असेल तर डॉक्टरला जबाबदार धरत नाहीत. पण त्याने स्वतः सांगितलं असेल, तर ती सवलत नाही.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यातला सर्वांत मोठा दंड, 250 कोटी रुपयांपर्यंतचा, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल आहे. साहजिकच व्यवस्थापनाची नजर तिकडे जाते आणि प्रशिक्षणाचं बजेटही तिकडेच वळतं. पण त्याच कायद्याने डेटाभंगाची जी व्याख्या केली आहे तिच्यात नजरचुकीने उघड होणं आणि शेअर होणंही आलं आहे. म्हणजे चुकीच्या ग्रुपवर गेलेला फोटो ही ‘छोटीशी चूक’ राहत नाही.

मग प्रशिक्षण कसं वेगळं करायचं? सुरक्षेचं छोटं, सगळ्यांना सारखं आणि वारंवार असावं. दर काही महिन्यांनी अर्धा तास पुरतो. स्क्रीन लॉक, अपडेट, अनोळखी एपीके, लॉगिन कुणालाही न देणं, आणि फोन हरवला तर त्याच तासाला कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर. सायबर घटना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला 6 तासांच्या आत कळवण्याचं बंधन 2022 पासून आहे. रात्रपाळीच्या ब्रदरने सकाळी साहेब आल्यावर सांगितलं तर ती मुदत निघून गेलेली असते. याची परीक्षा घेता येते. एक खोटी लिंक पाठवा, किती जणांनी दाबली ते कळतं.

गोपनीयतेची अशी परीक्षा होत नाही, कारण तिथे प्रत्येक वेळी विचार करून ठरवावं लागतं. ते प्रसंग मांडून, कामानुसार वेगवेगळे गट करूनच शिकवता येतं. आशाताईंसमोरचा प्रश्न असा: सासूबाई दारातच विचारतात, ‘ताई, सुनेच्या रिपोर्टात काय निघालं?’ मुलाच्या आजीशी तोडून तर बोलता येत नाही. ‘काकू, तिलाच सांगितलंय बघा, तिच्याकडूनच ऐका’ हे वाक्य तोंडात बसेपर्यंत दोघीदोघींनी म्हणून बघायला हवं. लॅब टेक्निशियनसमोरचा प्रश्न निराळा. रिपोर्ट नेमका कुठल्या नंबरवर पाठवायचा? घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याकडे असेल, तर बाईला विचारल्याशिवाय त्यावर गरोदरपणाच्या चाचणीचा निकाल टाकायचा का? रेसिडेंट डॉक्टरांचा प्रश्न तातडीचा असतो. मध्यरात्री छातीत दुखणारा रुग्ण समोर असताना ईसीजी ग्रुपवर टाकू नका म्हणणारा नियम कुणी पाळणार नाही, आणि पाळूही नये. तिथे शिकवायचं ते एवढंच, की चाळीस जणांच्या ग्रुपऐवजी ड्यूटीवरच्या कार्डिओलॉजिस्टला थेट पाठवा, वरची पट्टी कापा, आणि काम झालं की दोन्ही फोनमधून काढा.

यादीसाठीही वाट आहे. ग्रुपवर फक्त ‘यादी तयार आहे’ एवढा निरोप, यादी पोर्टलवर किंवा हातोहात, आणि कारणाचा रकाना फक्त उपचार करणाऱ्यांसाठी. ग्रुपमध्ये कोण आहे हे महिन्यातून एकदा पाहायचं काम एका माणसाच्या नावावर असावं, नाहीतर ते कुणाचंच राहत नाही.

शेवटची गोष्ट कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या गोपनीयतेची, जी या प्रशिक्षणांतून सहसा गळते. सुरक्षेसाठी टाकलेलं ॲप माणसावर पाळत ठेवू शकतं. हरियाणात 2021 मध्ये आशांनी नेमक्या अशाच एका ॲपला विरोध केला होता. फोनवर नियंत्रण आणि लोकेशनवर नजर ठेवली जाईल, ही त्यांची तक्रार होती. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाईल परत केले. काम स्वतःच्या फोनवर आलं की रुग्णांच्या याद्या आणि लेकरांचे फोटो एकाच मेमरीत राहतात. अशा बाईला ‘फोन घरात कुणाला देऊ नका’ सांगणं सोपं आहे, पण त्या घरात मुलांचा अभ्यासही त्याच फोनवर होतो. तिला आधी हे सांगा: ॲप लोकेशन कधी घेतं, ते कोण पाहतं, हरवलेला फोन दुरून पुसला तर तिचं स्वतःचं काय काय जाईल, आणि कामासाठी वेगळा फोन किंवा निदान वेगळं प्रोफाइल संस्था देणार आहे का. ही उत्तरं वरिष्ठांकडून लेखी घेऊनच प्रशिक्षकाने तिच्यासमोर उभं राहावं.