किडनी प्रत्यारोपणाची फाईल नेमकी कुठे अडते?

मधुमेहाने किडन्या गेल्या, डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवलं, घरचं माणूस किडनी द्यायलाही तयार आहे. तरी फाईल परत येते. तपासण्या सगळ्या झालेल्या असतात, नातं सिद्ध करणारा कागद मात्र नसतो. म्हणून ईजीएफआर (किडनी किती काम करते हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) २० च्या खाली घसरला की लगेच कागदांना लागा. जिवंत दाता असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधीही प्रत्यारोपण होऊ शकतं.

आधी नातं बघा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. बस, एवढेच. जावई, सून, मेहुणा, भाचा, चुलतभाऊ यांपैकी कुणी देणार असेल, तर फॉर्म ३ भरून प्राधिकार समितीपुढे (अशा प्रत्यारोपणाला परवानगी देणारी समिती) जावं लागतं. तिथे मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागतात आणि पैशांची देवाणघेवाण तर नाही ना, हे खोदून विचारतात. त्यातून छिंदवाडा, बालाघाट किंवा छत्तीसगडकडचे, म्हणजे महाराष्ट्राबाहेरचे लोक असतील तर त्यांच्या तिकडच्या तहसीलदाराकडून रहिवासाची पडताळणी (फॉर्म २०) करून आणावी. जवळच्या नातेवाइकांची फाईल सहसा रुग्णालयाच्या पातळीवरच निकाली निघते: पती-पत्नीसाठी फॉर्म २, बाकीच्यांसाठी फॉर्म १, आणि दोघांच्या सह्यांचा एकत्र अर्ज फॉर्म ११. हे फॉर्म रुग्णालयाचे प्रत्यारोपण समन्वयक भरून घेतात.

आता खरी अडचण. बायको नवऱ्याला किडनी देते तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला, लग्नातला फोटो आणि मुलांचे जन्मदाखले मागितले जातात. चाळीस वर्षांपूर्वी कन्हानला किंवा उमरेडला लागलेल्या लग्नाची नोंद कोण करून ठेवणार? पण उशिरा नोंदणी होते, दंड भरावा लागतो इतकंच. शहरात महापालिकेचं झोन कार्यालय, खेड्यात ग्रामपंचायत. तीन साक्षीदार लागतात. अर्जावर लग्न लावणाऱ्या भटजींच्या, भंतेजींच्या किंवा काझींच्या सहीची जागाही असते. ते हयात नसतील तर खिडकीवर पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर अर्ज पूर्ण भरल्यावर तेच विचारून परत पाठवतात.

बहीण भावाला देणार असेल तर गाडी नावावर अडते. शाळेच्या टीसीवर माहेरचं ‘सुनंदा’, आधारवर सासरचं ‘सुनंदाबाई’, रेशनकार्डात नुसतंच ‘नंदा’. माणूस एकच, पण कागदावर तिघी. माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा तिचा विवाह दाखला सोबत लावा आणि आधारवरचं नाव तपासण्यांआधी दुरुस्त करून घ्या. प्रत्येक रिपोर्ट आधारवरच्या नावाने निघतो. मागाहून नाव बदललं की रिपोर्टही जुळत नाहीत. एचएलए चाचणीने (दाता आणि रुग्ण किती जुळतात हे बघणारी रक्तचाचणी) रक्ताचं नातं कळतं, तरी कागद माफ होत नाहीत.

मधुमेह बऱ्याचदा घराण्यात असतो, त्यामुळे भावंडं किंवा मुलं दाता म्हणून पुढे आली की त्यांची साखर आधी बघा. नुसती उपाशीपोटीची साखर पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी रक्त द्यायची चाचणी आणि एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), दोन्ही करून घ्या. किडनीच्या रक्तवाहिन्या बघणाऱ्या सीटी अँजिओग्राफीचा खर्च झाल्यावर दात्यालाच मधुमेह निघाला, असं बऱ्याच घरांत होतं. रुग्णाला जुना मधुमेह असेल तर त्याच्या हृदयाची तपासणीही चुकवू नका.

दाता बाई असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतःची संमती, रुग्ण सोडून दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी असं नियमात आहे. तेव्हा तिच्या वतीने नवऱ्याने उत्तरं देऊ नयेत. काय काढणार, किती दिवस जड उचलायचं नाही, एक किडनी राहिल्यावर काय जपायचं, हे तिला आधीच नीट सांगून ठेवा. ती अडखळली की दबावाचा संशय येतो आणि तो कोणत्याही दाखल्याने फिटत नाही.

पैशांचं थोडक्यात: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत मर्यादा आहे. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका, प्रत्यारोपणासाठी आहे का ते आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयात बसणारा माणूस) विचारा. घरात दाताच मिळाला नाही तर मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या झेडटीसीसी नागपूरकडे रुग्णालयामार्फत नाव नोंदवा. नोंदणीसाठीची ६५ वर्षांची वयाची अट २०२३ मध्ये काढली आहे, नुसत्या वयामुळे नोंदणी होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

समितीने नकार दिला तर कारण लेखी घ्या. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. तोंडी नकारावर अपील होत नाही, आणि ‘पुढच्या बैठकीत बघू’ हे ऐकत बसलात तर लेखी आदेशच मिळत नाही.